श्रमानंतरची भूक आणि खाण्याची टोचणी

वजन उतरवण्यासाठी व्यायाम सुरू केला की काही आठवड्यांत भूक वाढते. जेवणात अर्धी-एक भाकरी जास्त जाते, संध्याकाळी शेंगदाण्यांच्या डब्याकडे हात वळतो, आणि मग सकाळचे सगळे चालणे वाया घालवल्याची टोचणी मनाला लागते. अनेक जण ही टोचणी शिस्तीची खूण मानतात. तिच्या पोटात मात्र तीन वेगळे प्रश्न आहेत. व्यायामाने भूक खरोखर किती वाढते? वाढलेल्या खाण्याने वजनावर किती परिणाम होतो? आणि अपराधी वाटल्याने खाणे आवरते का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर शरीरशास्त्र देते आणि तिसऱ्याचे मानसशास्त्र. माणूस कोणत्या गावात राहतो, कसली कामे करतो आणि काय खातो यावर तिन्ही उत्तरांचा व्यवहारातला अर्थ ठरतो.

श्रम आणि अन्नाचे जुने नाते

उदाहरणासाठी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातला अफजलपूर तालुका घेऊ. तो भीमेच्या काठी, महाराष्ट्राच्या सीमेवर, सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्याला लागून आहे. ज्वारी, तूर आणि ऊस ही इथली पिके. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सीमेच्या दोन्ही बाजूंचे जेवण जवळपास सारखेच आहे: ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण किंवा आमटी, अंबाडीची भाजी, भरली वांगी, शेंगाची आणि कारळाची चटणी. हा आहार दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसासाठी घडला. खुरपणी, काढणी, ऊसतोड, पाण्याचे हंडे वाहणे या कामांनंतर दोन-तीन भाकऱ्या खाणाऱ्याला कधी कोणी दोष दिला नाही.

श्रमाला किती अन्न लागते, हा वाद या मुलखाने अतिशय कठोर रूपात पाहिला आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत सरकारी कामांवर खडी फोडायला आणि माती उपसायला माणसे लावली गेली. शेजारचा सोलापूर जिल्हा आणि तेव्हाचा कलादगी जिल्हा, म्हणजे आजचा विजापूर-बागलकोटचा भाग, होरपळून निघाला होता. १८७७ मध्ये ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचे रोजचे धान्य एक पौंडावर, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमवर आणले, वर थोडी रोकड ठेवली. आजच्या हिशेबाने एवढ्या धान्यातून जेमतेम १,५०० किलोकॅलरी मिळतात. कष्टकऱ्याला हे पुरणार नाही असे पुण्याच्या सार्वजनिक सभेने सांगितले, अनेक मजुरांनी कामे सोडली, आणि मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी वैद्यकीय आधारावर या दराला विरोध केला. मद्रासला तो दर त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. श्रम वाढले की अन्नाची गरज वाढते ही गोष्ट तेव्हा जीवनमरणाची होती.

तालमीतही तीच समजूत नांदत आली. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूरची कुस्ती बहरली, खासबाग मैदान उभे राहिले, आणि सीमाभागातल्या जत्रांतही फड रंगत राहिले. पैलवानाचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम आणि थंडाई, हा कौतुकाचा विषय होता. मात्र एक धोका वस्तादांनाही ठाऊक होता. मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला की अंग सुटते.

आता काय बदलले

आज अफजलपूरसारख्या तालुक्याच्या गावात अनेकांचा दिवस दुकानाच्या गल्ल्यावर, कचेरीच्या टेबलाशी किंवा दुचाकीवर जातो. ताट मात्र बऱ्याच प्रमाणात शेतकऱ्याचेच राहिले आणि त्यात साखरेचा चहा, तळण, बिस्किटे आणि पॉलिश केलेला तांदूळ यांची भर पडली. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या २००४ च्या अहवालात माणसाच्या दिवसभराच्या ऊर्जाखर्चाची तुलना त्याच्या विश्रांतीच्या खर्चाशी केली आहे. बैठे जीवन जगणाऱ्यात हा खर्च विश्रांतीच्या १.४ ते १.७ पट असतो, जड कष्ट करणाऱ्यात २ ते २.४ पट. त्यामुळे एकाच घरात शेतावर जाणारा भाऊ आणि बँकेत बसणारा भाऊ यांची गरज कित्येक शे किलोकॅलरींनी वेगळी असू शकते.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीयातही पोटाभोवती चरबी साठते, म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची सीमा २५ ऐवजी २३ धरली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला, आणि पोटाच्या स्थूलतेचे प्रमाण ३९.५ टक्के आढळले. वजनाची काळजी करणाऱ्यांची काळजी खरी आहे. खाल्ल्यावर स्वतःला दोषी ठरवल्याने ती मिटते का, हे मात्र पुढे तपासावे लागते.

व्यायाम आणि भुकेची यंत्रणा

जोरदार व्यायामानंतर लगेच भूक वाढत नाही, उलट थोडा वेळ दबते. जठरातून येणारे घ्रेलिन हे भूक जागवणारे संप्रेरक १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधले. जोराच्या व्यायामात त्याचे एक रूप घटते, तर तृप्ती देणारी आतड्यातली संप्रेरके वाढतात. धावून आल्यावर काही वेळ अन्नाची इच्छा होत नाही, त्याचे हे कारण. दिवसभराचे खाणे मोजणाऱ्या बहुतेक प्रयोगांतही एका दिवसाच्या व्यायामाने त्याच दिवशी जेवण फारसे वाढलेले दिसले नाही.

आठवडे आणि महिने गेले की चित्र पालटते. चरबी उतरू लागते तसे चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन घटते. १९९४ मध्ये सापडलेले हे संप्रेरक मेंदूला साठ्याची वर्दी देते. साठा कमी होतो आहे असे कळले की मेंदू भूक वाढवतो. म्हणजे महिनाभर नेमाने चालल्यावर जागी होणारी भूक ही शरीराची संरक्षक प्रतिक्रिया असते. ती चारित्र्यातली उणीव नव्हे.

१९५६ मध्ये ज्याँ मेयर आणि सहकाऱ्यांनी बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या २१३ कामगारांचा आहार आणि वजन तपासले. मध्यम ते जड कामे करणाऱ्यांत श्रमाबरोबर आहार वाढत गेला आणि वजन मात्र स्थिर राहिले. जवळजवळ बसून काम करणारे कारकून आणि देखरेख करणारे लोक हलके काम करणाऱ्यांपेक्षा अधिक खात होते, आणि वजनानेही भारी होते. भूक आणि गरज यांचा मेळ हालचालीच्या एका पट्ट्यात चांगला बसतो आणि फार कमी हालचालीत बिघडतो, हा या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष. बैठा माणूस चालू लागला की तो या पट्ट्याच्या दिशेने सरकतो. थोडी भूक वाढली तरी भुकेचा अंदाज अधिक विश्वासार्ह होत जातो.

शरीर किती भरपाई करते

व्यायामाने खर्च झालेल्या ऊर्जेचा काही भाग शरीर परत मिळवते. हे दोन वाटांनी घडते. खाणे वाढते हा एक मार्ग. दुसऱ्या मार्गाने शरीर इतर खर्च कमी करते: उरलेल्या दिवसात हालचाल घटते, विश्रांतीतला खर्चही थोडा उतरतो. हर्मन पॉन्टझर यांनी २०१२ मध्ये टांझानियातल्या हाड्झा शिकाऱ्यांचा ऊर्जाखर्च मोजला. रोज मैलोन् मैल चालणाऱ्या या लोकांचा दिवसाचा एकूण खर्च, शरीराचा आकार लक्षात घेता, शहरी पाश्चात्त्यांच्या जवळपास निघाला. २०२१ मध्ये १,७५४ प्रौढांच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात, हालचालीतून खर्च झालेल्या ऊर्जेपैकी सरासरी २८ टक्के ऊर्जा शरीर इतर खर्च आवरून वाचवते, असे दिसले.

खाण्यातली भरपाई माणसागणिक वेगळी असते. ब्रिटनमधल्या नील किंग यांच्या गटाने २००८ मध्ये ३५ जादा वजनाच्या लोकांकडून १२ आठवडे देखरेखीखाली सारखाच व्यायाम करून घेतला. सरासरी वजन ३.७ किलोंनी उतरले. पण एकाचे १४.७ किलो कमी झाले आणि दुसऱ्याचे १.७ किलो वाढले. ज्यांचे वजन कमी उतरले त्यांच्यात भूक आणि खाणे अधिक वाढलेले आढळले. अमेरिकेतल्या २०१९ च्या एका प्रयोगातही अपेक्षेपेक्षा कमी वजन उतरण्यामागे खाण्यातली वाढच मुख्य ठरली.

या अभ्यासांतून दोन गोष्टी निघतात. भूक वाढणे सार्वत्रिक नाही, आणि ज्यांची वाढते त्यांनी कमी निष्ठेने व्यायाम केलेला नसतो. सारखी मेहनत करून शेजारणीचे वजन भराभर उतरले आणि आपले उतरले नाही, याचे कारण शरीराच्या घडणीत असू शकते.

आकड्यांचा व्यवहार

६० किलो वजनाची व्यक्ती ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालली तर सुमारे २०० किलोकॅलरी खर्च होतात. तेवढा वेळ बसून राहिल्यावर जो खर्च झालाच असता तो वजा केला तर १५० च्या आसपास उरतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३५ किलोकॅलरी असतात, म्हणून ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी सुमारे २०० किलोकॅलरींची. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १५० हून अधिक. एक चमचा तेलात ४५. एका भाकरीने सकाळच्या चालण्याची ऊर्जा परत येते हे खरे आहे.

पण या हिशेबावरून चालणे वाया गेले असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. व्यायामाचा लाभ वजनापुरता नसतो. स्नायू साखर अधिक चांगली वापरू लागतात, रक्तदाब सुधारतो, पोटातली चरबी घटते, झोप लागते. हे लाभ वजनकाटा हलला नाही तरी मिळतात, आणि नंतर भाकरी खाल्ल्याने नाहीसे होत नाहीत. शिवाय वजन एका दिवसाच्या जेवणावर ठरत नाही. मिठाचे जेवण, मासिक पाळी, स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन आणि त्याबरोबर धरले जाणारे पाणी यांमुळे काटा एका दिवसात किलोभर वर-खाली होतो. रात्री एक भाकरी जास्त खाऊन सकाळी काटा अर्धा किलो वर दिसला, तर त्यातला बहुतेक भाग पाण्याचा असतो. रोजच्या काट्याकडे पाहून स्वतःला दोष देणारा माणूस पाण्याच्या चढउतारासाठी शिक्षा भोगत असतो. दोन ते चार आठवड्यांची सरासरी आणि कमरेचा घेर यांवरून खरी दिशा कळते.

टोचणीचे मानसशास्त्र

अन्नाला नीती-अनीतीच्या तराजूत तोलण्याची सवय नवी नाही. उपवास आणि संयम यांना बहुतेक धर्मांत मोल आहे. मराठीत ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण रूढ आहे, म्हणजे संयमानंतर खाणे वाढते हे लोकांनी केव्हाच पाहिले होते. मात्र कॅलरी मोजून स्वतःचा निवाडा करण्याची रीत विसाव्या शतकातली. अमेरिकेत विल्बर अॅटवॉटर यांनी १८९० च्या दशकात अन्नातली ऊर्जा मोजली. १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टरांच्या पुस्तकाने कॅलरी घरोघरी पोचवली आणि वजनाला संयमाची परीक्षा बनवले. आज मोबाइलमधली ॲप आणि हातातली घड्याळे तोच हिशेब मिनिटागणिक दाखवतात. व्यायामाचा खर्च त्यांत अनेकदा चुकतो, म्हणून खाण्याची ‘कमाई’ किंवा ‘उधारी’ त्यावरून ठरवणे पक्के नसते.

टोचणीचा परिणाम काय होतो यावर ठोस संशोधन आहे. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी खाण्यावर सतत ताबा ठेवणाऱ्यांना आणि न ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक दिला, मग हवे तेवढे आइस्क्रीम. ताबा न ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. ताबा ठेवणाऱ्यांनी उलट जास्त खाल्ले. एकदा नियम मोडलाच तर आजचा दिवस गेलाच, अशी मनाची गत होते. न्यूझीलंडमधल्या २०१४ च्या पाहणीत चॉकलेट केकशी अपराधी भाव जोडणाऱ्यांना खाण्यावर आपला ताबा कमी वाटत होता, आणि दीड वर्षात वजन टिकवण्यात ते केकला आनंदसोहळ्याशी जोडणाऱ्यांपेक्षा मागे पडले. क्लेअर अॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी २००७ मध्ये ताबा ठेवणाऱ्या स्त्रियांना डोनट खायला दिला आणि त्यांतल्या काहींना स्वतःशी कठोर होऊ नका असे सांगितले. त्या स्त्रियांनी पुढे गोड कमी खाल्ले.

या तिन्ही अभ्यासांचा रोख एकच आहे. टोचणी खाणे थांबवत नाही, ती खाणे आणि उपाशी राहणे यांचे चक्र फिरवते. अपराधी वाटले की माणूस दुसऱ्या दिवशी नाश्ता सोडतो, जास्त चालतो, संध्याकाळी भुकेने गळतो आणि पुन्हा अधिक खातो.

घर, सण आणि आग्रह

गावाकडच्या घरात खाणे एकट्याचे नसते. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवसला, कलबुर्गी, बीदर, लातूर, सोलापूर या पट्ट्यातली कुटुंबे शेतात जाऊन भज्जी, उंडे, आंबील आणि खीर एकत्र जेवतात. तालुक्यातल्या गाणगापूरला दत्तभक्त माधुकरी मागतात, आणि मिळालेले अन्न प्रसाद म्हणून घेतात. अशा ठिकाणी घास नाकारणे म्हणजे माणसाला नाकारणे वाटते. वर्षातले असे काही दिवस वजन ठरवत नाहीत. उरलेले साडेतीनशे दिवस ठरवतात. सणाच्या ताटाबद्दल अपराधी वाटून घेण्यात आरोग्याचा काही लाभ नाही, आणि माणसे तोडण्याचे नुकसान मात्र आहे.

स्त्रियांवर या टोचणीचा भार अधिक पडतो. घरात शेवटी जेवणारी, उरलेले संपवणारी बाईच असते, आणि ‘किती सुटलीस’ हे ऐकणारीही तीच. स्वयंपाक, पाणी, शेत यांतले तिचे श्रम व्यायामात धरले जात नाहीत, पण तिने खाल्लेली भाकरी मात्र मोजली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा शरीराने व्यायाम वाढवून अन्न तोडले तर चरबीच्या आधी ताकद जाते.

मराठी समाजात गेल्या दशकात आहाराच्या दोन दिशांची मोठी चर्चा झाली. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवायला आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायला सांगते. ऋजुता दिवेकर हंगामी, घरचे अन्न थोडे थोडे आणि भीती न बाळगता खाण्यावर भर देतात. कोणत्याही पद्धतीत नियमाबाहेरची भूक लागली की पाळणाऱ्याला पतन झाल्यासारखे वाटू शकते. नियम माणसासाठी असतात, आणि ज्या नियमाने रोज मन खचते तो नियम त्या माणसाने बदलून घ्यावा.

टोचणी आजाराकडे कधी झुकते

काही लक्षणे गांभीर्याने घ्यावी लागतात. खाल्ल्याची भरपाई म्हणून मुद्दाम थकेपर्यंत व्यायाम करणे, आजारी असतानाही तो न सोडणे, चोरून भरमसाट खाणे, ओकारी काढणे किंवा जुलाबाची औषधे घेणे हे खाण्याच्या विकाराचे संकेत आहेत. असे प्रकार आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चालले तर मनोविकारशास्त्र त्यात बुलिमियाची शक्यता पाहते. खर्चाच्या मानाने सतत कमी खाणाऱ्या खेळाडूंत पाळी बंद होते, हाडे ठिसूळ होतात, दुखापती वाढतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या स्थितीबद्दल इशारे दिले आहेत. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींत व्यायामानंतर रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते. तेव्हा ताबडतोब खाणे हाच उपचार असतो, आणि अपराधी वाटून तो टाळणे जिवावर बेतू शकते. मन सावरत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत मोफत बोलता येते.

काय उपयोगी पडते

पहिली गोष्ट म्हणजे भुकेला जागा ठेवणे. व्यायाम सुरू करताना थोडी भूक वाढणार हे गृहीत धरून जेवणाची आखणी करावी, म्हणजे ती अचानक धाड घालत नाही. दुसरी गोष्ट ताटाच्या घटनेची. प्रथिने आणि चोथा पोट भरल्याची जाणीव टिकवतात. ज्वारीच्या भाकरीत चोथा आहे आणि तुरीच्या डाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आहेत. भाकरी एकच ठेवून वरण घट्ट केले, अंबाडीची किंवा मेथीची भाजी दुप्पट वाढली, ताक घेतले, चटणीवरचे तेल आणि चहातली साखर कमी केली, तर पोट भरते आणि ऊर्जाही फार वाढत नाही. याच मुलखाचे जुने अन्न या कामाला पुरेसे आहे.

तिसरी गोष्ट दिवसाच्या उरलेल्या हालचालीची. सकाळी चालून आल्यावर दिवसभर बसून राहिले तर शरीराची भरपाई वाढते. मधून मधून उठणे आणि घरकाम वाटून घेणे याचा लाभ वजनाला आणि घरालाही होतो. चौथी गोष्ट मोजमापाची: वजन आठवड्यातून एकदा, त्याच वेळी घ्यावे आणि महिन्याची दिशा पाहावी. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या, वजन उतरवून टिकवणाऱ्यांच्या नोंदवहीत बहुतेक यशस्वी लोक रोज सुमारे तासभर शारीरिक हालचाल करतात असे दिसते. व्यायामाचे मोठे योगदान वजन टिकवण्यात आहे, आणि ते वर्षानुवर्षे चालू राहणाऱ्या सवयीतूनच मिळते. जी सवय रोज पश्चात्ताप देते ती टिकत नाही.

पाचवी गोष्ट बोलण्याची. घरातल्यांनी ताटाकडे बोट न दाखवता तब्येतीची विचारपूस करावी. चालणाऱ्या माणसानेही जास्त खाल्ल्या दिवसाची नोंद कारणासह ठेवावी: झोप कमी झाली होती, दुपारचे जेवण चुकले होते, पाळी जवळ आली होती, की मन उदास होते. कारण सापडले तर उपाय करता येतो. टोचणीतून कारण सापडत नाही. श्रम केलेल्या शरीराला अन्नाचा हक्क आहे. वजन आवरायचे असेल तर अन्नाची निवड आणि सवयीचे सातत्य या दोनच बाजूंनी काम करावे लागते, आणि त्यासाठी स्वतःला शिक्षा करण्याची गरज नाही.